बोकड ओरडत नाही तोवर

"राडेबे कुळाच्या सात पिढ्यांनी ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस आज टोलवेनीच्या टेकडीवर उगवला आहे!" गुरांच्या वाड्यात मधोमध उभे राहून झ्वेलिबांझी पूर्वजांना उद्देशून गरजले. "ऐका, बुंगाने! ऐका, म्थिमखुलू! तुमच्या रक्ताची लेक सिनोवुयो बारावीच्या मॅट्रिकला सहा विषयांत विशेष प्रावीण्य मिळवून पास झाली आहे. आणि मी, या घरातला थोरला, तुमच्यासमोर शब्द देतो, की माझ्या भावाची ही मुलगी डॉक्टर होणार आहे!"

सात पिढ्यांनी हे ऐकलं की नाही, सांगता येत नाही. बोकडाने ऐकलं, पण त्याचं सगळं लक्ष झ्वेलिबांझींच्या कोटाच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालाकडे होतं. भाषण संपलं तेव्हा रुमालाचं फक्त एक टोक बाहेर दिसत होतं, आणि ते खिशाच्या बाहेर नव्हे, बोकडाच्या तोंडाच्या.

सिनोवुयोच्या बापाने, मझुकिसीने, बोकडाला आडवा धरला. झ्वेलिबांझींनी कुळाचा भाला उचलला आणि त्याचं टोक बोकडाच्या कुशीला हलकेच टोचलं.

बोकड काही बोलला नाही.

त्यांनी परत टोचलं, या वेळी जरा अधिकारवाणीने. बोकडाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. झ्वेलिबांझी नोकरीत होते तेव्हा शाळा तपासताना शिक्षकांकडे अगदी असंच पाहत असत. राग नाही, नुसती निराशा.

आमच्याकडे रीत सरळ आहे. पूर्वजांना निवेदन झालं, भाला टोचला आणि जनावर ओरडलं, की त्यांनी ऐकलं आणि मान्य केलं. जनावर गप्प राहिलं, तर घरात काहीतरी बोलायचं राहून गेलेलं असतं. ते बोलून टाकल्याशिवाय सुरी चालत नाही, मांस शिजत नाही, आणि मांसासाठी आलेला गाव घरी जात नाही.

कुंपणाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांत कुजबुज सुरू झाली. त्यांच्यातले सगळ्यांत वयस्क म्खुलू सिगिडी. त्यांना सगळा गाव आजोबा म्हणायचा. त्यांनी बिअरची बादली तोंडापासून बाजूला केली.

"राडेबे, तुमच्या घरात काहीतरी अडकलंय," ते म्हणाले. "जा, आत बसून बोलून या. आम्ही थांबतो. बिअर आहे ना अजून?"

"आहे."

"मग खुशाल थांबतो."

*

गोल घरात रीतीप्रमाणे पुरुष उजवीकडे बसले, बायका डावीकडे. बाहेर जानेवारीचं, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याचं, ऊन होतं आणि आत चुलीवर मका आणि घेवडे रटरटत होते, त्यामुळे सगळे सारखेच तापले होते.

झ्वेलिबांझी आणि मझुकिसीची बहीण नोम्बुलेलो; त्यांना बसायला चटई मिळाली ती नेमकी मझुकिसीच्या बायकोच्या, मादलामिनीच्या शेजारी. मादलामिनीने शिवून पाठवलेले पडदे नोम्बुलेलोंनी कधी लावलेच नाहीत; त्या पडद्यांच्या प्रकरणानंतर या नणंद-भावजयी एकमेकींशी फक्त अंत्यविधीला बोलत. नोम्बुलेलोंनी मांडीवर मोठी पिशवी घेतली होती आणि ती कुणालाही खाली ठेवू देत नव्हत्या. ईस्ट लंडनच्या, म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरच्या शहराच्या, इस्पितळात त्यांनी उभं आयुष्य मेट्रन म्हणून काढलं. त्यांच्या अर्ध्या वयाचे डॉक्टर येत, "सिस्टर, ते जरा आणा," म्हणत, आणि त्या आणत. त्या प्रत्येक वेळी त्यांनी मनात एकच वाक्य म्हटलं होतं: आमच्या घरातली येईल एक दिवस, मग बघते कोण काय आणतं.

"क्रमाने घेऊ," झ्वेलिबांझी म्हणाले. घरातली बैठकही ते शाळेच्या तपासणीसारखी चालवत. "घरात काय बोलायचं राहिलंय? मझुकिसी, तुझ्यापासून."

मझुकिसी रुस्टेनबर्गच्या प्लॅटिनमच्या खाणीतून रजेवर आला होता. जमिनीखाली बोलायची सवय मोडते, आणि वर आल्यावर ती परत लागायच्या आत रजा संपते.

"तातांच्या कबरीवरचं गवत काढायचं राहिलं," तो म्हणाला. ताता म्हणजे बाप.

"गवतासाठी बोकड गप्प बसत नाही. उलट खूश होईल. पुढे?"

मादलामिनीने शालीच्या टोकाशी चाळा केला. "बिअर," ती पुटपुटली. "मोडाच्या धान्याचं माल्ट घरी केलं नाही. दुकानातलं तयार पाकीट वापरलं."

नोम्बुलेलोंच्या चेहऱ्यावर पडद्यांच्या प्रकरणानंतर प्रथमच समाधान दिसलं. "मी पहिल्याच घोटाला म्हटलं होतं."

"पहिल्या घोटाला म्हटलंत आणि तिसरी बादली मागितलीत, सिसी," मादलामिनी नणंदेला म्हणाली.

"पुरे!" झ्वेलिबांझी म्हणाले. "म्हाताऱ्यांनी तक्रार केलेली नाही. लुंगिले?"

लुंगिले हा झ्वेलिबांझींचा थोरला मुलगा. राज्यशास्त्राची पदवी घेऊन तो घरी परतला होता आणि तेव्हापासून घरातल्या राजकारणाचा अभ्यास करत होता. दुसरीकडे कुठे जागा निघत नव्हती.

"मी ताताम्खुलूंचा कोट मुलाखतीला घालून जातो," तो म्हणाला. "न विचारता."

"आणि?"

"आणि काही नाही. नोकरी मिळाली असती तर विचारलं असतं."

"आजोबांच्या कोटाला कसला दोष देतोस? आत कोण आहे ते बघतात मुलाखतीत!"

"ताता, आत राज्यशास्त्र आहे. 'विषय कुठलाही घे, पदवी म्हणजे पदवी,' असं कोण म्हणालं होतं मला?"

"विषय बदलू नकोस."

"आता बदलून उपयोगही नाही," लुंगिले म्हणाला.

नोम्बुलेलोंचा धीर सुटला आणि त्या थोरल्या भावाकडे, आपल्या भुतीकडे, वळल्या. "हे सगळं काय चाललंय? गवत, माल्ट, कोट! भुती, अरे आजचा दिवस पोरीचा आहे आणि ती तिकडे कोपऱ्यात मका ढवळतेय. सिनो, इकडे ये. मला तर वाटतं, बोकड गप्प आहे तो माझ्यामुळे. पूर्वजांना मान द्यायच्या आधी मी एक काम करून बसलेय."

त्यांनी पिशवी उघडली, आतून पांढरा शुभ्र डॉक्टरी कोट काढला आणि सिनोवुयोच्या हातात दिला. खिशावर निळ्या दोऱ्याने तिचं नाव होतं.

"आमच्या शिंप्याकडून मापाचा शिवून घेतला," त्या म्हणाल्या. "वॉर्डातल्या सगळ्या जणींना दाखवून आले."

*

सिनोवुयोने कोट हातात धरला. हातांना मक्याचं पीठ होतं, म्हणून ती तो अंगापासून लांब धरून उभी राहिली, दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी.

पहाटे ती मोठ्या तातांना, म्हणजे झ्वेलिबांझींना, दोनदा गाठायला गेली होती. पहिल्यांदा ते आरशासमोर भाषण घोकत होते, आणि "सात पिढ्या" पाशी अडवलं म्हणून चिडले. दुसऱ्यांदा ती गुरांच्या वाड्याच्या फाटकापर्यंत पोचली, तर त्यांनी तळहात दाखवला: नंतर, पोरी, नंतर. आता ते नंतर आलं होतं, आणि सोबत निळ्या दोऱ्याचं नावही.

"दादोबावो," ती आत्याला म्हणाली, "मला हा घालता नाही येणार."

"घट्ट असेल तर उसवून देईन."

"मापाचं नाही. मी डॉक्टर होऊ शकत नाही."

"होऊ शकत नाही म्हणजे? सहा विषयांत विशेष प्रावीण्य आहे तुला!"

"त्यातला एक विषय जीवनदिशा आहे."

"मग?"

"जीवनदिशेत नापास व्हायचं असेल तर मरावं लागतं, आत्या," लुंगिले म्हणाला. "विद्यापीठं तो धरतच नाहीत."

"मग पाच! पाच काय कमी आहेत? गणितात तर जवळजवळ पैकीच्या पैकी आहेत."

"ते गणित नाही," सिनोवुयो म्हणाली.

नोम्बुलेलोंनी रिकामी पिशवी पोटाशी घेतली.

"व्यवहारगणित आहे," ती पुढे म्हणाली. "वेगळा विषय. विजेचं बिल कसं वाचायचं, कर्जाचा हप्ता किती बसतो, भिंतीला रंगाचे किती डबे लागतील, असं. मेडिकलला ते चालत नाही. इंजिनिअरिंगला नाही. ज्याला खरं गणित हवं, अशा कशालाच चालत नाही."

"गणित ते गणित!" झ्वेलिबांझी म्हणाले. "दोन आणि दोन काय व्यवहारात पाच होतात? उलट तूच सांगतेयस, ते उपयोगाचं आहे. मग डॉक्टरला उपयोगाचं गणित का चालू नये?"

"कारण पेशंटला रंग द्यायचा नसतो, ताता," लुंगिले म्हणाला.

"तू गप्प बस! सिनो, हा विषय तू घेतलास कधी? कुणाला विचारून?"

सिनोवुयो मोठ्या तातांकडे वळली. ती मुळात शांत मुलगी. पण शांतपणाचीही एक टाकी असते, आणि तिची आज पहाटेपासून रिकामी होत होती.

"मोठे ताता, मी घेतला नाही. मला दिला. दहावीच्या वर्गात असताना आमचे गणिताचे सर शहरात गेले. नवे आलेच नाहीत. मग शाळेने पालकांना बोलावलं आणि विचारलं, सगळ्याच मुलांना व्यवहारगणिताला घालूया का, म्हणजे निकाल शंभर टक्के लागेल. त्या सभेला एक प्रमुख पाहुणे होते."

झ्वेलिबांझींनी टोपी डोक्यावरून काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"त्या प्रमुख पाहुण्यांनी 'आकड्यांपेक्षा माणूस मोठा' या विषयावर भाषण केलं. जेवण थंड होईपर्यंत. आणि ठरावाला सगळ्यांत आधी हात वर केला."

"निवृत्त निरीक्षकाला बोलावलं की तो पाठिंबा देतो," झ्वेलिबांझी म्हणाले, पण आवाजात आता टेकडीवरची ती गर्जना नव्हती. "माझ्या वेळी असला विषयच नव्हता. मी निवृत्त झाल्यावर आणला त्यांनी. मला कोण सांगणार?"

"मी सांगितलं. घरी आल्यावर लगेच. तुम्ही म्हणालात, 'गणित ते गणित'."

"भुती!" नोम्बुलेलो उसळल्या. "अरे तू शाळांवर जन्म काढलास! रिकाम्या फळ्यांवर लाल पेन्सिलीने शेरे मारलेस! आणि घरातली पोर..."

"दादोबावो, तुम्हालाही सांगितलं."

"मला? कधी?"

"त्याच आठवड्यात फोन केला होता. तुम्ही म्हणालात, 'कुठल्यात गुण जास्त पडतील?' मी म्हटलं, व्यवहारगणितात. तुम्ही म्हणालात, 'मग तेच घे, विद्यापीठवाले गुण बघतात,' आणि फोन ठेवलात. ड्यूटी होती तुमची."

नोम्बुलेलो जागच्या जागी बसल्या. आयुष्यभर त्यांनी नवशिक्या नर्सांना एकच धडा दिला होता: बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय औषध देऊ नका.

"आणि आईला सांगितलं," सिनोवुयो थांबत नव्हती. "आई म्हणाली, मोठे म्हणतात तर बरोबरच असेल. आणि ताता..."

"मला ऐकू आलं नव्हतं," मझुकिसी म्हणाला. "लाइन खराब होती. मी 'हो हो' म्हणालो."

"हो हो म्हणालात."

"म्हणजे या घरात," लुंगिले म्हणाला, "बोलायचं काहीच राहिलेलं नाही. सगळं तीन वर्षांपूर्वीच बोलून झालंय. ऐकायचं राहिलंय."

*

हे ऐकताना मादलामिनी मान खाली घालून बसली होती, पण ती लाजत नव्हती. हिशोब करत होती. या घरात सून म्हणून आल्यापासून तिने एक पाहिलं होतं: माणसं दोष वाटून घेत असतात तेव्हा कुणीतरी हातातली वस्तू सांभाळायची असते.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "पण पोरीला उम्टाटाच्या विद्यापीठात जागा मिळालीय ना? समाजकार्याला. सोमवारी नाव नोंदवायचंय. डॉक्टर नाही तर नाही. हातातलं सोडायचं नाही, सिनो."

"समाजकार्य!" नोम्बुलेलो म्हणाल्या. "आमच्या इस्पितळातल्या समाजकार्यवालीला बसायला खुर्ची नाही. माझ्याच खुर्चीवर बसते."

"खुर्ची नसली तरी पगार आहे, सिसी. लुंगिलेकडे खुर्ची आहे." मादलामिनी दिराच्या मुलाकडे वळली. "राग मानू नकोस, बाळा."

"काकू, खुर्चीसुद्धा तातांचीच आहे."

"आणि पूर्वजांचं काय?" झ्वेलिबांझी कळवळून म्हणाले. "तुम्ही विद्यापीठाशी बोलाल, उम्टाटाशी बोलाल. मी सात पिढ्यांना शब्द दिलाय! मोठ्याने! गाव ऐकत होता! मी नोकरीत असताना एकदा दिलेला शेरा कधी मागे घेतला नाही."

"एक उपाय आहे," लुंगिले म्हणाला. "समाजकार्य करत करत पुढे डॉक्टरेट मिळव म्हणावं. नावामागे डॉक्टर लागेल, शब्द राहील."

झ्वेलिबांझी क्षणभर हा विचार करत असल्यासारखे दिसले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "नाही," ते म्हणाले. "जिवंत माणसांशी चलाखी करतो आपण. त्यांच्याशी नाही."

कुणी सिनोवुयोला अजून विचारलेलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं तसं तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. तिने तो पांढरा कोट नीट घडी करून आत्याच्या पिशवीवर ठेवला.

"मला मोजणी शिकायचीय," ती म्हणाली.

"कसली मोजणी?"

"जमिनीची. गेल्या वर्षी नव्या रस्त्यासाठी मोजणीवाले आले होते ना? त्यांच्यात एक बाई होत्या. सुट्टीत मी त्यांची काठी धरून उभी राहायची. एकदा त्यांनी मला त्या दुर्बिणीतून बघू दिलं. आपली टेकडी, नदी, शाळा, सगळं कोनांत बसतं. मी विचारलं, मला हे येईल का? त्या म्हणाल्या, कुठलं गणित आहे तुझं? मी सांगितलं." ती थांबली. "मग त्या खूप चांगलं बोलल्या माझ्याशी. तेव्हाच मला कळलं, की माझं गेलं."

मादलामिनीने वर पाहिलं. हे तिने ऐकलेलं नव्हतं. या घरात पहिल्यांदाच सांगितली गेलेली एकमेव गोष्ट हीच होती.

"ईस्ट लंडनला एक केंद्र आहे," सिनोवुयो म्हणाली. "तिथे दहावीपासूनचं गणित आणि भौतिक परत शिकवतात आणि परीक्षेला बसवतात. दोन वर्षं लागतील. मग मोजणीच्या पदवीला अर्ज करता येतो. उम्टाटाची जागा सोडावी लागेल. आणि दादोबावोंकडे राहावं लागेल."

"दोन वर्षं!" मादलामिनी म्हणाली. "झालेली शाळा परत शिकायची? गाव काय म्हणेल? सहा विषयांत विशेष प्रावीण्य मिळवलेली पोर दहावीची पुस्तकं घेऊन बसली? आणि एवढं करून काय होणार, तर दुसऱ्यांची कुंपणं मोजणार?"

"आपल्याकडे कुंपण पावलांनी मोजतात," झ्वेलिबांझी म्हणाले. "माझ्या बापाने मोजलं."

"म्हणून तर म्खुलू सिगिडींशी अजून भांडण चालू आहे," लुंगिले म्हणाला.

"दोन वर्षं गणित शिकणारच असलीस," नोम्बुलेलो सावकाश म्हणाल्या, आणि त्यांचा हात नकळत पिशवीकडे गेला, "तर मग डॉक्टरकीलाच का अर्ज करत नाहीस? तेच गणित. तेच भौतिक. कोट तयार आहे, सिनो."

त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता. असा आवाज ऐकणं सगळ्यांत अवघड होतं. सिनोवुयोला एकदम दिसलं, की आत्याने हा कोट तिच्या मापाचा शिवला असला, तरी कापड फार जुनं आहे.

ती उत्तर शोधत असतानाच उजवीकडून आवाज आला.

"आमच्याकडे मोजणीवाला आधी उतरतो," मझुकिसी म्हणाला.

सगळे वळले. तो स्वतःच्या हातांकडे बघत बोलत होता.

"खाणीत. नवा बोगदा काढायचा असला की आधी तो जातो. छताला खूण करतो. खूण जिकडे दाखवते तिकडे आम्ही खोदतो, खूण नाही तिकडे जात नाही. पलीकडे जुनं पाणी आहे की पोकळी, ते आम्हाला दिसत नाही. त्याने मोजलेलं असतं." तो जरा थांबला. इतकं बोलायला त्याला श्वास पुरत नव्हता. "डॉक्टर पण आहे खाणीत. चांगला आहे. पण सिसी, डॉक्टर भेटतो तो चूक झाल्यावर. मी रोज सकाळी उतरताना डॉक्टरचं नाव घेत नाही."

नोम्बुलेलोंनी कोट पिशवीत सारला. मग त्यांनी पिशवीची चेन लावली. चेन मध्येच अडकली. त्यांनी ती ओढली, परत ओढली, आणि शेवटी मादलामिनीने हात पुढे करून कापडाची कड आत ढकलली तेव्हा ती लागली.

"मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे," नोम्बुलेलो म्हणाल्या. "ते हलवते. पण माझ्या घरी रेडिओ लावून अभ्यास चालणार नाही. आणि नाव नोंदवताना मी बरोबर येईन आणि काउंटरवरच्या माणसाला विचारीन, हे कुठलं गणित आहे. तीनदा विचारीन."

"सिसी," मादलामिनी म्हणाली. "दोन वर्षं. मग तरी नक्की?"

"नक्की काही नसतं, मादलामिनी. माझ्याकडे खुर्ची असेल, एवढं नक्की." त्या जरा थांबल्या. "तू महिन्यातून एकदा येत जा. पडदे बघायला."

मादलामिनीने पोरीकडे पाहिलं. सिनोवुयोच्या हनुवटीवर मक्याचं पीठ होतं आणि ती श्वास रोखून उभी होती. आईने शालीच्या टोकाने ते पीठ पुसलं. उम्टाटाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

आता दोन्ही बायका, एकाच चटईवरून, एकाच वेळी, झ्वेलिबांझींकडे बघू लागल्या.

"काय?" ते म्हणाले.

"बोकड उभा आहे, भुती," नोम्बुलेलो म्हणाल्या.

"मी आज सकाळी ज्यांना शब्द दिला, त्यांच्यापुढे जाऊन सांगू, की माझी चूक झाली? गावासमोर? त्या सिगिडीसमोर?"

"भाषण केलंत ते गावासमोरच ना, राडेबे?" मादलामिनी म्हणाली. दिराला इतकं थेट ती या घरात आल्यापासून प्रथमच बोलली होती, आणि आकाश काही कोसळलं नाही.

झ्वेलिबांझींनी आशेने आपल्या मुलाकडे पाहिलं. लुंगिले उठला, त्याने गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली आणि वडिलांच्या हातात दिली.

"मोठे ताता," सिनोवुयो म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलंत, तर मी कितीही शिकले तरी त्यांच्या लेखी डॉक्टर व्हायची राहिलेलीच असेन. मला ते डोक्यावर नको."

"लहान करून सांगेन," झ्वेलिबांझी शेवटी म्हणाले.

"तेही एकदा ऐकायचंच आहे," लुंगिले म्हणाला.

*

गुरांच्या वाड्यात बिअर संपत आली होती आणि म्हातारे रीतीवर चर्चा करत होते. झ्वेलिबांझींना येताना पाहून सगळे गप्प झाले. सिनोवुयो आईबरोबर फाटकाबाहेर थांबली; आत्या कुळाची लेक, म्हणून आत जाऊन कुंपणाशी उभी राहिली, आणि भाऊ मध्येच पळून जाणार नाही अशा बेताने.

झ्वेलिबांझींनी टोपी काढली. भाषणाआधी ते नेहमी घसा साफ करत. या वेळी विसरले.

"बुंगाने. म्थिमखुलू," ते म्हणाले. "सकाळी मी तुम्हाला एक शब्द दिला. तो माझा नव्हता. पोरीचा होता, आणि मी तिला विचारलं नव्हतं. ती डॉक्टर होणार नाही. तिचं गणित राहून गेलंय. ते राहिलं, कारण सभेत पहिला हात माझा वर झाला, आणि ती सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही. ती आता ते शिकायला जातेय. दोन वर्षं. पुढे जमीन मोजेल. तिला वाट द्या."

एवढंच. म्हातारे उरलेल्या भाषणाची वाट बघत राहिले. झ्वेलिबांझींना स्वतःलाही ते कुठे गेलं असं वाटलं असावं, कारण त्यांनी खिसा चाचपला, आणि रुमालही नव्हता.

मझुकिसीने बोकडाला धरलं. भाला अजून लागला नव्हता, नुसता उचललेला होता, तोच बोकड असा ओरडला, की नदीपलीकडच्या वस्तीतली कुत्री भुंकू लागली. सगळ्या वाड्याने एका आवाजात होकार दिला. बायकांनी फाटकापाशी जिभा लोळवून किलकाऱ्या केल्या, आणि नोम्बुलेलोंनी तिथल्या तिथे पाय आपटून असा नाच केला, की मेट्रनबाईंना ओळखणाऱ्या कुणाला तो खरा वाटला नसता.

बोकड खरं बोलणं ऐकून ओरडला, असं झ्वेलिबांझींचं मत आहे. दुसरं भाषण सुरू होईल या भीतीने ओरडला, असं लुंगिलेचं. टोलवेनीत दोन्ही मतांची माणसं आहेत.

सिनोवुयो फाटकाला धरून उभी होती. तेवढ्यात म्खुलू सिगिडी काठी टेकत, कुंपणाचा आधार घेत, हळूहळू तिच्यापर्यंत आले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मोजणीचं ऐकलं मी, पोरी," ते म्हणाले. "चांगलं आहे. जा, शीक."

"हो, म्खुलू."

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि पँटचा एक पाय वर ओढला.

"पण सकाळी जे ठरलं होतं, त्यातलं थोडंफार काही येत असलं, तर हा गुडघा बघ जरा. घाई नाही. मांस खाऊन झाल्यावर बघितलास तरी चालेल."